मन वाचणारी टोपी आणि नकाराचा हक्क

पेण-रोह्यात विहारात बसून आपण स्वतःचे मन पाहायला शिकतो. पण ते दुसऱ्याने यंत्राने पाहिले तर?

हे दूरचे नाही. जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात जन्मठेप देताना ‘बीईओएस’ चाचणीचाही आधार घेतला. यात आरोपीला इलेक्ट्रोडची टोपी घालून घटनेविषयीची वाक्ये ऐकवतात आणि मेंदूतील विद्युत लहरी नोंदवतात. आरोपीने तोंडही उघडायचे नसते. त्यावरून गुन्ह्याचा अनुभव ओळखता येतो, हा दावा अनेक शास्त्रज्ञांना मान्य नाही.

५ मे २०१० रोजी सेल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने संविधानाच्या कलम २०(३) आणि २१ च्या आधारे सांगितले, की संमतीशिवाय नार्को, पॉलिग्राफ, ब्रेन मॅपिंग करता येणार नाही. संमतीही वकिलाची मदत देऊन, दंडाधिकाऱ्यासमोर नोंदवलेली हवी. ठाण्यात एकट्या बसवलेल्या पोराची सही म्हणजे संमती नव्हे.

हा निकाल आला तो पोलीस तपासातील चाचण्यांच्या संदर्भात. थकवा मोजणारे हेडबँड बाजारात आलेत. उद्या धाटावच्या एमआयडीसीत कंत्राटी कामगाराला ते घालायला लावले, तर? चिलीने २०२१ मध्ये मेंदूतील माहितीचे संरक्षण संविधानातच लिहिले. आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात तिचा वेगळा उल्लेख नाही.

दुसरे शील सांगते, न दिलेले घेऊ नये. भीतीपोटी दिलेला होकार हे देणे नव्हे. म्हणून सही करण्याआधी विचारा: काय मोजणार, कोण पाहणार, नाही म्हटले तर काय होणार?

जय भीम.