व्हॅनिलाचा परफ्युम उबदार का वाटतो? उत्तर सारोळ्याच्या चहात आहे

पुण्याहून साताऱ्याकडे निघालं की वाटेत भोर तालुक्यातलं सारोळे लागतं. पुढे नीरा नदी, आणि पूल ओलांडला की सातारा जिल्हा. डिसेंबरच्या सकाळी दुचाकीवरून इथवर आलात तर बोटं गारठलेली असतात. मग पहिलं काम म्हणजे चहा. आलं-वेलची ठेचून उकळलेला चहा आणि त्यात बुडवलेलं व्हॅनिला क्रीमचं बिस्कीट. घोट घेण्याआधी नाकाशी जी वाफ येते, तिचा वास आठवून बघा.

रील्सवर ‘वॉर्म स्पायसी व्हॅनिला’ म्हणून जे परफ्युम गाजतात, ते याच कुळातले. अडचण एवढीच की रीलमधून वास येत नाही. लोक दोन-तीन हजार रुपये भरतात, बाटली घरी येते आणि पहिल्याच फवाऱ्याला ‘हा तर केकचा वास’ म्हणून कपाटात पडून राहते. म्हणून आधी हा प्रकार नक्की काय आहे ते समजून घेऊ.

व्हॅनिला आणि लवंग नातेवाईक आहेत

व्हॅनिला ही मूळची मेक्सिकोकडची ऑर्किडची वेल. तिच्या हिरव्या शेंगेला जवळपास वास नसतो. काही महिने ती उन्हात तापवून, गुंडाळून, सुकवली की वास तयार होतो. त्यातला मुख्य घटक म्हणजे व्हॅनिलिन. लवंगेचा वास ज्यामुळे येतो ते युजेनॉल आणि हे व्हॅनिलिन, दोघांच्या रेणूंचा सांगाडा बराचसा सारखा आहे. इतका, की एकेकाळी लवंगेच्या तेलापासून व्हॅनिलिन बनवलं जायचं. मिरचीला तिखट करणाऱ्या कॅप्सेसिनमध्येही याच सांगाड्याचा तुकडा सापडतो.

म्हणजे व्हॅनिलासोबत लवंग, दालचिनी, वेलची, जायफळ घातलं की ते उपरं वाटत नाही. आपल्या नाकाला तर हे मिश्रण चांगलंच ओळखीचं आहे. पुरणात जायफळ-वेलची घालतो तेव्हा आपणही गोड आणि मसाला यांची अशीच जोडी जमवत असतो. परफ्युममुळे अंगाचं तापमान वाढत नाही. ऊब वाटते ती या ओळखीची, स्वयंपाकघराची.

शेंगेपासून प्रयोगशाळेपर्यंत

मेक्सिकोबाहेर ही वेल वाढायची, पण तिला शेंगा धरत नव्हत्या. १८४१ मध्ये रियुनियन बेटावर एडमंड अल्बियस या अवघ्या १२ वर्षांच्या गुलाम मुलाने फुलाचं परागीकरण हाताने करायची सोपी पद्धत शोधली. आजही जगभर तीच वापरतात. एवढ्या हातकामामुळेच खरी व्हॅनिला महाग असते.

१८७४ मध्ये जर्मनीत टीमान आणि हारमान या रसायनशास्त्रज्ञांनी व्हॅनिलिन कृत्रिमरीत्या बनवलं आणि परफ्युमचं जग बदललं. पॅरिसच्या गेर्लां कंपनीने १८८९ च्या ‘जिकी’त ते वापरलं. १९२५ मध्ये याच कंपनीचा व्हॅनिलावर बेतलेला ‘शालिमार’ गाजला. नाव अर्थातच मुघलांच्या बागेवरून.

आणि हे सगळं फक्त परदेशातच घडतं असं समजू नका. शाळेतली कंपासपेटी आठवते? त्या कॅम्लिनच्या दांडेकर घराण्यातून पुढे आलेली कॅम्लिन फाईन सायन्सेस ही मुंबईची कंपनी गुजरातमध्ये दहेजला व्हॅनिलिन बनवते. १९२२ पासून मुंबईत असलेली एस. एच. केळकर कंपनी साबणापासून अत्तरापर्यंत अनेक वस्तूंसाठी सुगंध तयार करते. त्यामुळे ‘प्रयोगशाळेतला आहे, म्हणजे नकली’ हा हिशेब इथे लागू पडत नाही. बहुतेक परफ्युममध्ये व्हॅनिलिन असंच तयार केलेलं असतं.

मग विकत घेताना काय बघायचं?

पहिल्या फवाऱ्यावर निकाल देऊ नका. लिंबू-संत्र्यासारखे हलके वास काही मिनिटांत उडतात, मग मसाले पुढे येतात. व्हॅनिला सगळ्यात सावकाश उडते, म्हणून ती तासन् तास मागे राहते. मनगटावर लावा, दुकानातून बाहेर पडा, दोन-तीन तासांनी पुन्हा हुंगा. तेव्हा आवडला, तरच घ्या. ऑनलाइन घेणार असाल तर आधी छोटी बाटली मागवा.

ऋतूही बघा. जो वास थंडीत शालीसारखा वाटतो, तोच मे महिन्यात भरलेल्या एसटीत शेजाऱ्याचं डोकं उठवू शकतो. उन्हाळ्यात एकच फवारा पुरे, तोही संध्याकाळी.

लवंग-दालचिनीतले घटक काहींच्या त्वचेला सोसत नाहीत. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडासा लावून एक दिवस थांबा.

शेवटचं म्हणजे, व्हॅनिलाचा परफ्युम काही महिन्यांनी तपकिरी झाला तर घाबरून फेकू नका. व्हॅनिलिनमुळे रंग असा बदलतोच. वास ठीक असेल तर बाटली वापरा. फक्त पांढऱ्या शर्टावर मारू नका, डाग पडतो.