खिशातली थरथर

पंधरा वर्षांपूर्वीच्या दिवाळीतली एक गोष्ट आता बहुतेकांच्या विस्मरणात गेली असेल. एसएमएसचा पॅक मारलेला असायचा, महिनाभर शेकडो मेसेज जवळजवळ फुकट जायचे आणि नेमक्या दिवाळीच्या दिवशी मात्र एकेका शुभेच्छेला पुरता दर लागायचा. मोबाइल कंपन्या या दिवसांना ‘ब्लॅकआउट डे’ म्हणत. आपण चार बोटं मोडायचो आणि सरळ फोन लावायचो.

आमच्या जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक बधिर जोडपं राहायचं. ‘सरळ फोन लावणं’ हा पर्याय त्यांच्याकडे नव्हता. आपल्यासाठी एसएमएस म्हणजे फोनची एक जादा सोय, त्यांच्यासाठी मात्र एसएमएस म्हणजेच फोन. सप्टेंबर 2011 मध्ये जाहिरातींचा मारा थांबवण्यासाठी दूरसंचार नियामकांनी एका सिमवरून दिवसाला 100 एसएमएसची मर्यादा घातली. नोव्हेंबरात ती 200 झाली. पुढे ऑगस्ट 2012 मध्ये, ईशान्येकडच्या लोकांनी अफवांमुळे बंगळूर सोडायला सुरुवात केली तेव्हा, सरकारने काही दिवस ती चक्क पाचवर आणली. ‘कुठे आहेस?’ ‘दादरला.’ ‘भाजी आणू?’ ‘आण.’ एवढ्यातच दोघांचे दोन-दोन मेसेज खर्ची पडतात. दिवसाला पाचच मिळाले, तर कोणती भाजी हे ठरायच्या आत कोटा संपणार!

नियम करणाऱ्यांच्या मनात कुणाला मुकं करायचं नव्हतं. मेसेजवर कुणाचा सगळा संसार चालतो, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. म्हणून प्रश्न पडतो, की ज्याला ऐकू येत नाही त्याच्या खिशातलं यंत्र कसं असावं? या प्रश्नाची सगळ्यात चुरशीची परीक्षा झाली ती अमेरिकेत, साधारण 1998 ते 2011 या काळात. तिथल्या बधिर समाजाने एकामागून एक यंत्रं वापरली, पारखली, डोक्यावर घेतली आणि टाकूनही दिली.

आधी होता कपाटाएवढा फोन

या कथेची सुरुवात 1964 ची. रॉबर्ट वाइटब्रेख्ट हे कॅलिफोर्नियातले भौतिकशास्त्रज्ञ जन्मापासून बधिर, आणि हॅम रेडिओचे शौकीन. तारखात्यात आणि वृत्तसंस्थांत खडखडणारी टेलिप्रिंटर यंत्रं त्यांना चांगली ठाऊक होती. साध्या टेलिफोनचा रिसीव्हर ज्यावर उपडा ठेवता येईल असा एक ‘कपलर’ त्यांनी बनवला. टेलिप्रिंटरवर टाइप केलेलं अक्षर त्यातून आवाजाच्या रूपाने फोनच्या तारेवर जाई आणि पलीकडच्या यंत्रावर पुन्हा अक्षर होऊन छापलं जाई. जेम्स मार्स्टर्स हे दंतवैद्य आणि अँड्र्यू सॅक्स हे उद्योजक या कामात त्यांचे भागीदार होते, आणि दोघेही बधिर. ऐकू न येणाऱ्या तिघांनी टेलिफोन आपलासा केला तो असा.

ही यंत्रं म्हणजे कंपन्यांनी मोडीत काढलेला माल होता. एकट्याने हलवता न येणारी, घरभर खडखड करणारी. तो खडखडाट शेजाऱ्यांना ऐकू यायचा, घरच्यांना नाही. फोन आल्याचं कळायचं ते दिवा उघडमीट झाल्यावर. वेग मिनिटाला सुमारे साठ शब्द. दोघांनी एकदम टाइप केलं तर नुसता अक्षरांचा गोंधळ, म्हणून आपलं बोलणं संपलं की ‘जीए’ लिहायचं, म्हणजे ‘आता तू बोल’. संभाषणच संपवायचं असेल तर ‘एसके’.

पुढे हेच यंत्र आकसून टेबलावर मावेल एवढं झालं. त्याला टीटीवाय म्हणत. पण त्याची मूळ अडचण तशीच राहिली. पलीकडेही टीटीवाय हवं. ते नसेल तर मध्ये रिले सेवेचा ऑपरेटर घ्यायचा. तो तुमचं टाइप केलेलं समोरच्याला वाचून दाखवणार आणि त्याचं बोलणं तुम्हाला टाइप करून देणार. 1990 च्या अपंग हक्क कायद्यामुळे 1993 पासून ही सेवा अमेरिकाभर मिळू लागली. मोठीच सोय, पण डॉक्टरशी बोला नाहीतर बायकोशी भांडा, मध्ये तिसरा माणूस आहेच. आणि घराबाहेर पाऊल टाकलं की हेही संपलं.

पेजर आला, हात मोकळे झाले

पेजर आपल्याकडेही नव्वदच्या दशकात येऊन गेला. पण आपला पेजर एकमार्गी होता. निरोप यायचा आणि उत्तर द्यायला पीसीओ शोधायचा. अमेरिकेत त्याच सुमारास दुमार्गी पेजर निघाले, आणि बधिर लोकांनी ते उचलून धरले.

त्यातली दोन यंत्रं शेजारी-शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. पहिलं रिसर्च इन मोशन या कॅनडातल्या कंपनीचं ‘950’, म्हणजे ब्लॅकबेरीचा पूर्वज. साबणाच्या वडीएवढं. सहा-आठ ओळींचा काळा-पांढरा पडदा आणि खाली दोन अंगठ्यांनी चालवायचा पूर्ण कळफलक. आत साधा पेन्सिल सेल, तोही बरेच दिवस टिकणारा. दुसरं मोटोरोलाचं ‘टी900’. झाकण उघडून वापरायचं, रंगीबेरंगी आणि तरुण पोरांना आवडेल असं. त्याचा पडदा लहान आणि कळा बारीक. धावता निरोप द्यायला दोन्ही चांगली, पण लांबलचक बोलायचं तर 950 चा कळफलक हाताला सरस.

खरा फरक मात्र यंत्रापेक्षा सेवेचा होता. विंड कम्युनिकेशन्स या कंपनीने बधिर ग्राहकांसाठीच ‘विंडटेल’ नावाची सेवा आणली. त्याच छोट्या यंत्रावरून ईमेल जाई, दुसऱ्याच्या टीटीवायवर निरोप जाई, फॅक्स जाई आणि ऐकणाऱ्याच्या साध्या फोनवर तो निरोप यंत्राच्या आवाजात वाचलाही जाई. म्हणजे पलीकडच्याकडे काय आहे, याची काळजी तुम्ही करायची नाही, सेवा करेल.

मग साधा मोबाइल आणि एसएमएस का नाही? कारण युरोपात आणि आपल्याकडे सहज होणारी गोष्ट तिथे होत नव्हती. 2002 पर्यंत एका कंपनीच्या मोबाइलवरून दुसऱ्या कंपनीच्या मोबाइलवर एसएमएस सरसकट जातच नसे. पेजरवरचं ईमेल मात्र कुठेही जाई.

साइडकिकचे दिवस

ऑक्टोबर 2002 मध्ये टी-मोबाइलने ‘साइडकिक’ बाजारात आणलं. बनवणारी कंपनी डेंजर. तिच्या संस्थापकांतले अँडी रुबिन हे पुढे अँड्रॉइडचे जनक म्हणून ओळखले गेले. अंगठ्याने पडदा ढकलला की तो गर्रकन फिरून वर जाई आणि खाली ऐसपैस कळफलक उघडे. हे यंत्र बधिरांसाठी बनवलेलं नव्हतंच. ते होतं गप्पिष्ट कॉलेजच्या पोरांसाठी. त्या काळी अमेरिकेतली तरुण मंडळी ‘एआयएम’ या चॅटवर दिवसरात्र पडीक असत आणि साइडकिकमध्ये ते चॅट सतत चालू राही.

बधिर तरुणांना त्यात जे मिळालं, ते खास त्यांच्यासाठी बनवलेल्या कुठल्याही यंत्राने दिलं नव्हतं. चॅटच्या यादीत ऐकणारा कोण आणि न ऐकणारा कोण, हे दिसतच नाही. मध्ये ऑपरेटर नाही, ‘जीए’ नाही, समोरच्याकडे खास उपकरण असण्याची अट नाही. शिवाय टी-मोबाइलने फक्त डेटाचा प्लॅन दिला. जे बोलणारच नाहीत त्यांनी बोलण्याच्या मिनिटांचे पैसे का भरायचे, हा साधा हिशेब एका कंपनीने मान्य केला आणि गिऱ्हाईक तिच्याकडे धावलं. बधिर लोक आपसात या नव्या यंत्रालाही बरीच वर्षं ‘पेजर’च म्हणत. 2006 मध्ये वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट विद्यापीठात, म्हणजे बधिर विद्यार्थ्यांच्या त्या जगप्रसिद्ध विद्यापीठात, नव्या अध्यक्षांच्या निवडीवरून मोठं आंदोलन झालं. तेव्हा निरोप पसरले ते याच यंत्रांवरून.

कळफलकाचं महत्त्व ऐकणाऱ्याला चटकन समजत नाही. बधिर माणसाचे डोळे हेच त्याचे कान. मान खाली घालून काचेवर अक्षरं शोधायची, तर तेवढा वेळ समोरचा काय खुणावतोय ते निसटतं. हाताला उंचवट्याच्या कळा लागत असतील, तर अंगठे टाइप करतात आणि नजर माणसांवर राहते. थरथरीचंही तसंच. ती खिशात नीट जाणवली पाहिजे, उशीखाली ठेवल्यावर झोप मोडली पाहिजे. कंपन आहे की नाही एवढंच आपण जाहिरातीत वाचतो. ते किती जोरकस आहे, हे बधिर माणूस दुकानात हातात धरून पाहतो.

साइडकिकची दुसरी बाजूही सांगायला हवी. त्यातली सगळी माहिती कंपनीच्या सर्व्हरवर असे. यंत्र हरवलं तरी नव्यात सगळं परत येई, ही चैन होती. 2008 मध्ये मायक्रोसॉफ्टने डेंजर विकत घेतली. ऑक्टोबर 2009 मध्ये सर्व्हर कोसळले आणि लोकांचे पत्ते, फोटो, नोंदी गायब झाल्या. बरंचसं नंतर परत मिळालं, पण विश्वास गेला. 31 मे 2011 ला सेवाच बंद झाली. दुसऱ्यांसाठी बनवलेल्या यंत्रावर जगायचं, तर ते दुसऱ्यांच्या सोयीने बंदही होतं.

आपल्याकडचा हिशेब

2011 च्या जनगणनेत भारतात श्रवणदोष असलेले सुमारे 50 लाख 70 हजार लोक नोंदले गेले. त्यांच्या हाती दुमार्गी पेजर कधी आला नाही. आला तो नोकिया. तिथेही पारख लागायचीच. 5110 मध्ये आतून कंपनच नव्हतं, त्यासाठी वेगळी थरथरणारी बॅटरी घ्यावी लागे. 3310 मध्ये ते आलं. अवघ्या बारा कळांवर ‘स’ मिळवायला ठोकत बसावं लागे, ते वेगळंच.

मराठीची तर आणखी कुचंबणा. एका एसएमएसमध्ये 140 बाइट मावतात. रोमन लिपीत त्यात 160 अक्षरं बसतात, देवनागरीत फक्त 70. त्यातही काना, मात्रा, हलन्त वेगळे मोजले जातात. ‘नमस्कार’ आपल्याला चार-पाच अक्षरांचा वाटतो, फोन तो सात मोजतो. म्हणून सगळा मराठी संसार रोमनमध्ये लिहिला गेला. कानाला यंत्र लावणाऱ्यांचं दुखणं निराळंच. जीएसएम फोन रेडिओजवळ नेला की स्पीकर ‘टर्रर्र टर्रर्र’ करायचा, आठवतं? तोच आवाज त्यांच्या थेट कानात व्हायचा.

सगळ्यात मोठी अडचण मात्र यंत्राबाहेरची होती. लहानपणापासून हातांनी बोलणाऱ्या बधिर माणसाची पहिली भाषा मराठी नसते, ती भारतीय सांकेतिक भाषा असते. तिचं व्याकरण वेगळं, शब्दांचा क्रम वेगळा. त्यांनी लिहिलेलं मराठी आपल्याला तुटक वाटतं, कारण ते परभाषेत लिहीत असतात. टीटीवायपासून साइडकिकपर्यंतची सगळी यंत्रं लिहिणाऱ्यांची होती. हातांनी बोलणाऱ्यांचा फोन अजून यायचाच होता.

तो आपल्याकडे 2016 च्या शेवटच्या चार महिन्यांत आला. सप्टेंबरात जिओने डेटा मातीमोल केला आणि नोव्हेंबरात व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ कॉल सुरू झाले. आमच्या त्याच शेजारणीला मी त्या सुमारास पाहिलं. चकल्यांच्या डब्याला टेकवून फोन उभा केलेला आणि ती दोन्ही हातांनी कोल्हापूरच्या बहिणीशी बोलत होती. डबा का, ते मला उशिरा उमगलं. फोन एका हातात धरला की निम्मी भाषाच हातातून जाते. आणखी दोन गोष्टी तिनेच खुणेने दाखवल्या. एक, उजेड चेहऱ्यावर हवा, पाठीमागून नको. दोन, नेट मंदावलं की बोटांचा नुसता धूर होतो. आवाज तुटला तर आपण ‘हॅलो, हॅलो’ म्हणून वेळ मारून नेतो. खूण मध्येच तुटली तर अर्थ बदलतो.

कोणतं घ्यावं?

घरातल्या बधिर माणसासाठी फोन घ्यायला गेलात, तर कॅमेरा किती मेगापिक्सेलचा हे शेवटी विचारा. आधी कंपन पाहा. मग पुढच्या कॅमेऱ्यात मंद उजेडात हात स्पष्ट दिसतात का ते पाहा, बॅटरी लांबलचक व्हिडिओ कॉल झेलते का ते विचारा. फोन आला की फ्लॅश चमकवायची सोय सेटिंगमध्ये असते, ती चालू करून द्या. गूगलचं ‘लाइव्ह ट्रान्सक्राइब’ 2019 मध्ये आलं. समोरचा बोलेल ते पडद्यावर अक्षरांत उमटवतं, मराठीतही. बँकेच्या खिडकीवर ते उपयोगी पडतं, लग्नाच्या हॉलमध्ये बावचळतं. मजकूर, व्हिडिओ आणि ही उमटणारी अक्षरं अशी तिन्ही साधनं हाताशी असावीत. कुठलंही एक पुरं पडत नाही.

पण साइडकिकने शिकवलेला धडा याहून मोठा आहे. यंत्राची खरी परीक्षा पलीकडच्या टोकाला होते. आमच्या शेजाऱ्याकडे आज उत्तम फोन आहे. परवा त्याचं पार्सल आलं. पोऱ्याने फाटकाशी उभं राहून चार वेळा फोन लावला, कुणी उचलेना म्हणून तो परत गेला. फोन चारही वेळा खिशात थरथरला होता. हा माणूस तो हातात घेऊन, आता तरी मेसेज येईल म्हणून पडद्याकडे बघत वर उभा होता.

‘खाली आलोय’ एवढं लिहायचं होतं. जुन्या एसएमएसच्या हिशेबानेही नऊच अक्षरं होतात. एकसष्ट शिल्लक राहतात.