आरोपीने उलट विचारलेला जाब

बुलढाणा जिल्ह्याचे बोलण्यात नेहमी दोन भाग केले जातात, एक घाटावरचा आणि दुसरा घाटाखालचा. मोताळा तालुक्यातील रोहिणखेड हे गाव अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी, घाटाच्या तोंडाशी वसलेले असल्यामुळे दख्खनच्या इतिहासात त्याचे नाव दोन लढायांसाठी घेतले जाते. पहिली 1437 मध्ये बहमनी सैन्य आणि खानदेशचा सुलतान यांच्यात झाली, तर दुसरी 1590 च्या सुमारास अहमदनगरच्या गादीच्या वादातून पेटली. सैन्यांच्या लढायांची नोंद राहते, कारण ती ठेवणारे दरबारी पगारावर असतात. याच जिल्ह्यात, घाटावरच्या बुलढाण्यात राहणाऱ्या एका स्त्रीने एकोणिसाव्या शतकात समाजाशी जे एकटीने भांडण मांडले, त्याचे कागद मात्र नव्वदहून अधिक वर्षे बहुतेकांच्या नजरेआड राहिले. ती स्त्री म्हणजे ताराबाई शिंदे आणि तो कागद म्हणजे 1882 मध्ये प्रसिद्ध झालेला ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध.

या निबंधामागचे कारण वऱ्हाडापासून दूर, गुजरातेत घडले होते. 1881 मध्ये विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला, विवाहबाह्य संबंधातून जन्मलेल्या आपल्या अर्भकाची हत्या केल्याबद्दल सुरतेच्या न्यायालयाने फाशी सुनावली आणि पुढे अपिलात ती शिक्षा सौम्य झाली. त्या काळी उच्च जातींत विधवेला पुनर्विवाहाची रूढीने बंदी होती. 1856 च्या कायद्याने तो विवाह वैध ठरवला असला, तरी कायदा पुस्तकात आणि रूढी घरात अशी स्थिती होती. या खटल्याचे निमित्त होऊन वृत्तपत्रांतून एकूणच स्त्रीजातीच्या चारित्र्यावर शेरेबाजी सुरू झाली. एका विधवेचा गुन्हा साऱ्या स्त्रियांच्या माथी मारला जात असल्याचे पाहून ताराबाईंनी लेखणी उचलली.

त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे बुलढाण्यात सरकारी कचेरीत नोकरीला होते आणि महात्मा जोतीराव फुले यांनी 1873 मध्ये स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाशी, म्हणजे पुरोहिताच्या मध्यस्थीवाचून धर्म आणि जातिभेदावाचून समाज मानणाऱ्या चळवळीशी, त्यांचा संबंध होता. मुलीला घरीच लिहायला-वाचायला शिकवण्याइतका हा पिता पुढारलेला होता. परंतु मराठा घराण्यातील पडद्याची रीत घरात होतीच. शिकलेली असूनही उंबऱ्याआड राहिलेली, अशी ताराबाईंची स्थिती होती, आणि निबंधातील तिखटपणा बहुधा याच कोंडीतून आला असावा.

त्यांच्या युक्तिवादाची घडण पाहण्यासारखी आहे. स्त्रिया निर्दोष असतात असा दावा त्या करीत नाहीत. जे दुर्गुण स्त्रियांच्या नावावर लावले जातात तेच त्या एकेक करून पुरुषांच्या अंगी शोधतात आणि पुरुषाच्या पदरात त्यांचे माप अधिक पडते हे दाखवून देतात. पतीसाठी यमाच्या दारापर्यंत गेलेल्या सावित्रीचे गोडवे गाणाऱ्यांना त्या विचारतात की पत्नीसाठी तिथवर गेलेला एखादा पती पुराणांत आहे काय. पोशाख, खाणेपिणे, नोकरी या बाबतींत इंग्रजांचे अनुकरण करताना पुरुषांचा धर्म बुडत नाही आणि विधवेच्या लग्नाचा विषय निघताच तो बुडू लागतो, हा विरोधाभास त्या घरगुती, चिमटे काढणाऱ्या भाषेत उघडा पाडतात. त्या भाषेत स्वयंपाकघरात चालणाऱ्या म्हणी आहेत, टोमणे आहेत आणि क्वचित शिवीच्या सीमेवर जाणारे शब्दही आहेत. विद्वत्तेचा आव न आणता लिहिल्यामुळेच हा निबंध आजही वाचवतो. तत्कालीन कथा-नाटकांतून स्त्रीचे जे चित्र रंगवले जात होते त्याचाही समाचार त्या घेतात, म्हणून मराठीतील स्त्रीवादी समीक्षेची सुरुवात इथे मानायला हरकत नसावी. स्त्रीवादी समीक्षा म्हणजे साहित्यात स्त्रीचे चित्रण कोणाच्या नजरेतून झाले याची चिकित्सा.

आरोपीनेच न्यायाधीशाकडे जाब मागण्याची ही रीत पुढच्या काळात मराठी रंगभूमीवर एका विलक्षण रूपात दिसते. विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक 1967 मध्ये रंगमंचावर आले आणि 1971 मध्ये सत्यदेव दुबे यांनी त्यावर चित्रपट केला. हौशी नटांची एक मंडळी अभिरूप न्यायालयाचा, म्हणजे खऱ्या न्यायालयाची नक्कल करणारा, प्रयोग करण्यासाठी एका गावी जाते आणि वेळ घालवायला म्हणून लीला बेणारे या अविवाहित शिक्षिकेवर लुटुपुटीचा खटला भरते. आरोप असतो भ्रूणहत्येचा. तेंडुलकरांच्या मनात सुरतेचा खटला होता असे म्हणण्यास आधार नाही. तरीही शहाऐंशी वर्षांनंतर आरोपीच्या पिंजऱ्यात पुन्हा एकटी स्त्री असावी, आरोप जवळजवळ तोच असावा आणि मुलाच्या बापाला मात्र कोणी कटघऱ्यात उभे करू नये, हे साम्य नजरेआड करता येत नाही. बेणारेला बोलायला अवघे दहा सेकंद दिले जातात. त्यानंतर येणारे तिचे प्रदीर्घ स्वगत प्रेक्षकांना ऐकू येते. रंगमंचावरील इतर पात्रे तेवढा वेळ थिजलेली असतात, आणि ती बोलायची थांबल्यावर आरोपीला काही सांगायचे नाही असे नोंदवून खटला पुढे सरकतो. तिचा जाब फक्त तिकीट काढून आलेल्यांपर्यंत पोचतो, म्हणजे ज्यांच्यातून त्या लुटुपुटीच्या खटल्यातले न्यायाधीश काशीकर, वकील सुखात्मे यांच्यासारखी माणसे निघतात त्यांच्यापर्यंतच.

प्रभात फिल्म कंपनीचा ‘कुंकू’ (1937) जाब मागण्याच्या दृष्टीने अधिक धीट आणि अखेरीस अधिक सोयीचा आहे. नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनी केलेल्या या चित्रपटात बाला-जरठ विवाह, म्हणजे तरुण मुलीचे म्हाताऱ्याशी लावून दिलेले लग्न, हा विषय आहे. शांता आपटे यांनी उभी केलेली नीरा पळून जात नाही. सासरी राहूनच ती पत्नीपणाला नकार देते आणि घरातल्या घरात रोजचा असहकार चालवते. पार्श्वसंगीत जवळजवळ वर्ज्य केल्यामुळे घड्याळाची टिकटिक, पावलांचा आवाज, ग्रामोफोन असे घरातील आवाजच तिच्या कोंडमाऱ्याचे संगीत बनतात. तिचा पती काकासाहेब व्यवसायाने वकील आहे, आणि शेवटी तोच स्वतःला दोषी ठरवून आत्महत्या करतो. केशवराव दाते यांच्या अभिनयामुळे हा शेवट पटतो खरा, पण त्यात एक पळवाट आहे: म्हातारा पश्चात्ताप करून निघून गेला की लग्न जुळवणारा मामा, दक्षिणा घेणारे भटजी आणि पंगतीत जेवून गेलेले गाव या सर्वांची सुटका होते.

नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ (2013) ही पळवाट ठेवत नाही. जातिव्यवस्थेत खालच्या मानल्या गेलेल्या कैकाडी समाजातील जब्या या मुलाला शाळेसमोर, वर्गातल्या मुलांच्या देखत डुकरे पकडावी लागतात. राष्ट्रगीत सुरू होताच सारे कुटुंब स्तब्ध उभे राहते आणि हाती येत असलेले डुक्कर निसटते. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्याच्या दिशेने, पर्यायाने चित्रपटगृहातील खुर्च्यांकडे येतो.

या पात्रांना निदान पडदा पडल्यावर सुटका मिळते. लेखिकेला ती नसते. ‘स्त्रीपुरुषतुलना’च्या 500 प्रती पुण्यात छापल्या गेल्या आणि बुलढाण्यासारख्या, सारे एकमेकांना ओळखणाऱ्या गावात ताराबाईंना त्यानंतरही राहायचे होते. निबंधावर टीका झाली, आणि ती करणाऱ्यांत सत्यशोधक मंडळींपैकीही काही जण होते, ही गोष्ट पुरोगामी चळवळींच्या इतिहासात सहसा दबक्या आवाजात सांगितली जाते. फुले यांनी मात्र आपल्या ‘सत्सार’ या नियतकालिकाच्या दुसऱ्या अंकात, 1885 मध्ये, ताराबाईंची बाजू उघडपणे घेतली आणि टीकाकार सहकाऱ्यांना खडसावले. ताराबाईंचे दुसरे पुस्तक उपलब्ध नाही. अभ्यासक स. गं. मालशे यांनी हा निबंध संपादित करून पुन्हा छापला तो 1975 मध्ये, संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय महिला वर्ष म्हणून जाहीर केलेल्या वर्षी; त्यानंतर इंग्रजी भाषांतर झाले आणि आज विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत त्याला जागा आहे.