१९६० ची अध्यक्षीय वादचर्चा आणि रिचर्ड निक्सन : एक पुनर्विचार

प्रस्तावना :
अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांची दूरचित्रवाणीवरील पहिली वादचर्चा २६ सप्टेंबर १९६० रोजी शिकागो येथे झाली. डेमोक्रॅटिक पक्षाचे जॉन केनेडी आणि रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार व तत्कालीन उपाध्यक्ष रिचर्ड निक्सन त्या दिवशी समोरासमोर आले. जनसंज्ञापनाच्या पाठ्यपुस्तकांत या प्रसंगाचे वर्णन बहुधा निक्सन यांच्या चेहऱ्यावरील घामापासून सुरू होते आणि तेथेच संपते. ते काय बोलले, हे क्वचितच सांगितले जाते. प्रस्तुत लेखात त्यांच्या प्रतिपादनाची बाजू मांडली आहे.

गुडघ्याच्या जंतुसंसर्गामुळे निक्सन सुमारे दोन आठवडे रुग्णालयात होते आणि त्यांचे वजन घटले होते. रंगभूषाकाराचे साहाय्यही त्यांनी नाकारले. हे सारे खरे. परंतु त्यावरून युक्तिवादाचे मूल्य ठरत नाही.

प्रतिपादनाचा आशय :
देश मंदगतीने चालला आहे, हा केनेडी यांचा मुख्य आक्षेप होता. त्याला निक्सन यांनी घोषणेने नव्हे, तुलनेने उत्तर दिले. त्यांनी दिलेल्या आकड्यांनुसार ट्रूमन यांच्या काळात कुटुंबाचे सरासरी उत्पन्न २ टक्के वाढले, तर आयझेनहॉवर यांच्या काळात १५ टक्के. सोव्हिएत संघाचा वृद्धिदर अधिक दिसतो, कारण त्याची सुरुवातच खालच्या पातळीवरून झाली. त्याचे राष्ट्रीय उत्पादन अमेरिकेच्या ४४ टक्केच असून वीस वर्षांपूर्वीही हेच प्रमाण होते, असे त्यांनी सांगितले. शिक्षकांच्या वेतनाविषयीचा मुद्दा तर उजव्या विचारसरणीचा गाभाच होय. केंद्र शासन वेतन देऊ लागले, की काय शिकवावे हेही तेच ठरवू लागेल, हा तो मुद्दा. आपल्याकडे अनुदानित संस्थांत काम करणाऱ्यांना त्यातील तथ्य वेगळे समजावून सांगावे लागू नये. प्रतिपक्षाच्या कार्यक्रमाचा वाढीव वार्षिक खर्च त्यांनी किमान १३.२ अब्ज डॉलर सांगितला आणि आपल्या कार्यक्रमाचाही, कमाल ४.९ अब्ज, लपवला नाही. उद्दिष्टे समान, मार्ग भिन्न, ही त्यांची भूमिका काहींना मवाळ वाटली. मध्यममार्गी मतदारांपुढे मात्र ती उचितच होती.

रेडिओच्या श्रोत्यांचा प्रश्न :
रेडिओवर निक्सन जिंकले, हे विधान त्यांच्या समर्थनार्थ नेहमी केले जाते. ते जपूनच वापरावे. त्यामागील सिंडलिंगर संस्थेच्या पाहणीत रेडिओश्रोते तीनशेहूनही कमी होते, आणि त्यांचा मूळ राजकीय कल कोणता होता हे त्यावरून कळत नाही. १९८७ मध्ये व्हॅन्सिल व पेंडेल यांनी या समजुतीचे कठोर परीक्षण केले. २००३ मध्ये ड्रकमन यांनी मात्र १७१ व्यक्तींवर प्रयोग केला, तेव्हा केवळ ध्वनी ऐकणाऱ्यांच्या तुलनेत चित्र पाहणाऱ्यांनी केनेडी यांना अधिक कौल दिला.

खरे नुकसान :
निक्सन यांचा खरा तोटा झाला तो सँडर व्हॅनोकर या वार्ताहराच्या प्रश्नामुळे. निक्सन यांची एखादी मोठी कल्पना आपण स्वीकारली का, असे विचारले असता ‘एक आठवडा द्या, कदाचित आठवेल’ अशा आशयाचे उत्तर अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी ऑगस्टमध्ये दिले होते. ते विनोदाने म्हटले असावे, निर्णय अखेर अध्यक्षच घेतात, असा निक्सन यांचा खुलासा होता. तो तर्काला धरून होता. पण त्यांच्या प्रचाराचा भर ‘अनुभवा’वरच होता आणि तो आधार स्वपक्षाच्या अध्यक्षानेच ढिला केला होता. तरीही नोव्हेंबरमध्ये सुमारे पावणेसात कोटी मतांत दोघांमधील अंतर सव्वा लाखाहूनही कमी राहिले.