फुकटची विंडोज

आमगाव, देवरी, सालेकसा, कुठेही जा. सेवा केंद्रात संगणक असतोच. सातबारा त्यावर निघतो. जातीच्या दाखल्याचा अर्जही त्यावरच भरतात.

संगणक म्हणजे नुसते यंत्र. त्याला कामाला लावणारी एक मूळ प्रणाली त्यात घालावी लागते. तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी विंडोज असते. ती मायक्रोसॉफ्ट ही अमेरिकन कंपनी विकते. ती महाग पडते, हे खरे. म्हणून एखादा दुरुस्तीवाला म्हणतो, "काकाजी, फुकटात विंडोज टाकून देतो."

आता विचार करा. विंडोजला कंपनीचे कुलूप असते. पैसे भरले की किल्ली मिळते. फुकटच्या विंडोजचे ते कुलूप कोणीतरी फोडलेले असते. तो कोण, कुठला, हे दुरुस्तीवाल्यालाही ठाऊक नसते. धान बियाण्याची पिशवी उसवून पुन्हा शिवलेली दिसली, तर तुम्ही ती घ्याल काय? बियाण्यातली भेसळ निदान पुढे शेतात दिसते. इथे तेही नाही. संगणक छान चालतो. पण आत लपलेला प्रोग्राम तुम्ही दाबलेली एकेक कळ टिपून घेऊ शकतो. त्यात बँकेचा पासवर्डही आला.

कुलूप फोडणाऱ्या प्रोग्रामला क्रॅक म्हणतात. तो चालवताना पुष्कळदा सूचना येते, "आधी अँटिव्हायरस बंद करा." चोराने सांगावे, कुत्रा बांधून ठेवा, आणि आपण बांधावा, तशातली ही गत!

दुसरा धोका मला याहून मोठा वाटतो. कोणत्याही प्रणालीत भोके सापडतच असतात. कंपनी ती बुजवायला दुरुस्ती पाठवते. तिला अपडेट म्हणतात. चोरी उघडी पडू नये म्हणून फुकटच्या विंडोजमध्ये अनेकदा अपडेटच बंद करून ठेवतात. मग भोक उघडेच राहते.

त्याचे काय होते, ते २०१७ साली जगाने पाहिले. विंडोजमधले एक भोक बुजवणारी दुरुस्ती कंपनीने मार्चमध्ये दिली होती. १२ मे रोजी वॉनाक्राय नावाची कीड त्याच भोकातून सुटली. दीडशेच्या वर देशांत ती पसरली. तिने संगणकातले कागद कुलूपबंद केले आणि ते सोडवायला ३०० डॉलर मागितले. इंग्लंडमधल्या इस्पितळांना रुग्ण परत पाठवावे लागले. ते सारे संगणक चोरीच्या विंडोजचे होते असे नव्हे. दुरुस्ती ज्यांनी घेतली नव्हती, ते सापडले. ज्याचे अपडेटच बंद, त्याला ती मिळणार कशी?

सेवा केंद्राच्या संगणकात एकट्या चालकाचे कागद नसतात. गावाच्या आधारकार्डांच्या, पासबुकांच्या प्रती तिथे पडून असतात. तेव्हा "विंडोज बिलाची आहे काय?" असे विचारायला गावकऱ्यांनी भिऊ नये. पडद्यावर "अ‍ॅक्टिव्हेटेड" लिहिले आहे, एवढ्यावर जाऊ नका. क्रॅकही तेच लिहून दाखवतो. बिल पाहावे. नवा संगणक घेताना विंडोज आतच विकत मिळते, तसा घेणे बरे. चोरीची प्रत जाणूनबुजून वापरणे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने गुन्हा आहे, तेही दुकानदाराला सांगावे.

पैसेच नसतील तर? लिनक्स नावाची प्रणाली राजरोस फुकट मिळते. तिच्यावरून सी-डॅक या सरकारी संस्थेने बॉस नावाची प्रणाली केली आहे. तिच्यात मराठीही चालते. मात्र केंद्राचे अंगठ्याचे यंत्र आणि प्रिंटर तिच्यावर चालतात काय, ते आधी तपासावे.

फुकटची विंडोज आधीच घातली असेल, तर त्या संगणकावर बँकेचे काम थांबवा. कागदांची प्रत वेगळ्या डिस्कवर काढा, सगळे पुसून चांगली प्रणाली घाला आणि मगच पासवर्ड बदला. खात्यातून पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर फोन करा आणि बँकेलाही कळवा.