नावाची वाटणी

दुसऱ्यांचे करारमदार, विलीनीकरणं आणि भागीदारांमधले तंटे निस्तरणाऱ्या अमरचंद मंगलदास फर्मवर 2015 मध्ये स्वतःचीच वाटणी करायची वेळ आली. 1917 साली मुंबईत निघालेली ही सॉलिसिटरांची पेढी तोवर देशातल्या अगदी मोठ्या कायदा फर्मांमध्ये गणली जाई. कागदोपत्री नाव अमरचंद अँड मंगलदास अँड सुरेश ए. श्रॉफ अँड कंपनी. वकिलांच्या तोंडी मात्र नुसतं ‘अमरचंद’.

या नावातल्या सुरेश श्रॉफ यांचे थोरले चिरंजीव शार्दूल दिल्लीत फर्म सांभाळत, धाकटे सिरिल मुंबईत. मंत्रालयं तिकडे, सेबी, बँका आणि शेअर बाजार इकडे. 1991 नंतर परदेशी भांडवल येऊ लागलं तेव्हा ही विभागणी फर्मच्या चांगलीच पथ्यावर पडली.

या धंद्यात कोर्टातल्या युक्तिवादापेक्षा कागद वाचण्याला महत्त्व. एखादी कंपनी विकत घ्यायची म्हटली की ज्युनियर वकिलांची फौज ड्यू डिलिजन्सला बसते. कारखान्याच्या जमिनीचे सातबारे, बँकेकडे काय गहाण आहे, कामगारांचे कुठले दावे पडून आहेत, मालकी बदलली तर कर्ज लगेच फेडावं लागेल असं कलम कुठे दडलंय का, सगळं चाळायचं. असं एक कलम नजरेतून सुटलं तर सौदा अंगाशी येऊ शकतो. बड्या पगारामागे ही जागरणं असतात.

2014 मध्ये आई भारती श्रॉफ वारल्या. मृत्युपत्रात त्यांनी फर्ममधला आपला हिस्सा शार्दूल यांना दिला होता. सिरिल मुंबई हायकोर्टात गेले. पुढे मध्यस्थीतून तोडगा निघाला आणि मे 2015 मध्ये एकाच्या दोन फर्म झाल्या: सिरिल अमरचंद मंगलदास आणि शार्दूल अमरचंद मंगलदास. जुनं नाव कुणीच सोडलं नाही.

सोडणार तरी कसं? बार कौन्सिलच्या नियम 36 प्रमाणे वकिलाला जाहिरात करता येत नाही. पाटीसुद्धा बेताच्या आकाराचीच हवी. 2008 साली संकेतस्थळाला मुभा मिळाली, तीही नाव, पत्ता, शिक्षण, कामाचं क्षेत्र अशा जुजबी माहितीपुरती. अशा धंद्यात गिऱ्हाईक येतं ते नाव ऐकून. म्हणून मला ही भांडणाची गोष्ट नुसती भाऊबंदकीची वाटत नाही. कार्यालयं, माणसं, अशिलं यांची विभागणी होऊ शकते, शंभर वर्षांच्या नावाची कशी करणार? ते दोघांनीही ठेवलं आणि पुढे आपापलं नाव जोडलं.

वाटणीनंतर दोघांनी एकमेकांच्या शहरांत बस्तान बसवलं. शार्दूल यांच्या पत्नी पल्लवी श्रॉफ या स्पर्धा कायद्यातल्या नामवंत वकील, माजी सरन्यायाधीश पी. एन. भगवती यांच्या कन्या. दिल्लीच्या फर्मच्या नेतृत्वात त्यांचाही मोठा वाटा. दोन्ही घरांतली पुढची पिढीही भागीदार झाली आहे. बाहेरून आलेल्या हुशार भागीदारांना इथे काम भरपूर मिळतं, पैसाही मिळतो. पण दोन्हीकडे पाटीवर पहिलं नाव श्रॉफ बंधूंचंच आहे, आणि तिथे जागा रिकामी नाही.