यामानोते : तोक्योची हिरवी प्रदक्षिणा

तोक्योच्या रेल्वेचा नकाशा पहिल्यांदा पाहणारा हबकतोच. जपान रेल्वेचे म्हणजे जेआरचे फाटे, तोक्यो मेट्रोचे ९ मार्ग, सरकारी तोएइ भुयारी रेल्वेचे ४, वर खासगी कंपन्यांच्या गाड्या. पण तो पाठ करायच्या फंदात पडू नका. यामानोते ही एक लाइन नीट समजली, की शहराची दिशा कळते.

हा गोल मार्ग ३४.५ किलोमीटरचा आहे. १९२५ मध्ये उएनो आणि कांदा यांमधला तुकडा जोडला गेला आणि वर्तुळ पूर्ण झालं. आज त्यावर ३० स्टेशनं आहेत. पूर्ण फेरीला तासभर लागतो. तोक्यो, उएनो, इकेबुकुरो, शिंजुकू, शिबुया, शिनागावा ही मोठी नाकी याच वर्तुळावर. हिरव्या रंगाच्या ११ डब्यांच्या गाड्या इतक्या पाठोपाठ येतात, की वेळापत्रक बघावंच लागत नाही. बाहेरच्या रुळावरची गाडी घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, म्हणजे आपल्या प्रदक्षिणेच्या दिशेने जाते. आतली उलट्या दिशेने. शिंजुकूहून थेट तोक्यो स्टेशन गाठायचं असेल, तर मात्र वर्तुळाच्या मधून जाणारी केशरी चुओ जलद गाडी पकडा. पाव तासात पोहोचाल.

या व्यवस्थेचं खरं मोठेपण मला वेगात दिसत नाही. जपानीचं एक अक्षर न येणाऱ्या परक्याचा तिने केलेला विचार मला फार मोलाचा वाटतो. प्रत्येक स्टेशनला खूण आहे : तोक्यो जेवाय ०१, उएनो जेवाय ०५, शिंजुकू जेवाय १७. नाव विसरलात तरी आकडे मोजत जाता येतं. दाराच्या वरच्या पडद्यावर पुढचं स्टेशन, दार कोणत्या बाजूला उघडणार आणि तुमच्या डब्यापासून जिना, लिफ्ट कुठे, हे सगळं आधीच दिसतं. उतरल्यावर पिवळ्या पाट्या बघा. त्या बाहेरची वाट दाखवतात. शिंजुकूला २०० हून जास्त दरवाजे आहेत आणि रोज तीस लाखांहून अधिक माणसांची ये-जा. तिथे स्टेशनच्या नावाइतकंच दरवाज्याचं नाव महत्त्वाचं. हॉटेलच्या पत्त्याबरोबर तेही लिहून घ्या.

भाड्यासाठी सुइका किंवा पास्मो कार्ड घ्या. जेआर, मेट्रो, खासगी गाड्या, बस, सगळीकडे चालतं. कार्डात पैसे कमी पडले तर बाहेर पडताना फाटक मिटतं. शेजारच्या यंत्रात भरणा करायचा की झालं. पर्यटकांसाठी २४, ४८ आणि ७२ तासांची भुयारी रेल्वेची तिकिटंही आहेत. ती मेट्रो आणि तोएइवर चालतात, यामानोतेवर नाही, कारण ती जेआरची. इथेच बहुतेकांची गफलत होते.

यामानोतेवरच्या ताकादानोबाबा स्टेशनला दारं मिटण्याआधी ‘अॅस्ट्रो बॉय’ या जपानी चित्रकथेची धून ऐकू येते, कारण कथेत अॅटमचा, म्हणजे खुद्द अॅस्ट्रो बॉयचा, जन्म तिथलाच. आणि घरच्या चवीची आठवण आली, तर तिथूनच मेट्रोच्या निळ्या तोझाइ लाइनने टी १६, निशिकासाइला जा. भारतीयांची तिथे मोठी वस्ती आहे. निशिकासाइ ज्यात येतं, त्या एदोगावा वॉर्डाच्या सभेवर २०१९ मध्ये निवडून आलेले योगेंद्र पुराणिक मराठीच.

सकाळच्या गर्दीत मोठ्या बॅगा घेऊन चढू नका. तेवढा वेळ टाळाच. आणि या गाड्या रात्रभर धावत नाहीत. मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात सगळं बंद होतं, टॅक्सी महाग पडते. रात्री उशिरापर्यंत फिरणार असाल, तर शेवटच्या गाडीची वेळ आधी पाहून ठेवा.